सॉफ्टवेअर घेण्याआधी: आंबा निर्यातीचे कागद उलगडताना

गेल्या जूनमध्ये हंगाम आटोपला, शेवटच्या पेटीचा हिशेब झाला आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत ठराव आला: पुढच्या वर्षीपासून निर्यातीचं सगळं काम ऑनलाइन करायचं. आम्ही रत्नागिरी तालुक्यातले बागायतदार. सभासद दीडशेच्या आसपास, बहुतेकांकडे दोन-चार एकर हापूसची कलमं. बराचसा आंबा वाशीला आणि पुण्याला जातो. थोडा, पण सगळ्यात निवडक, विमानाने जर्मनीला जातो. मी कंपनीची हिशेबनीस, आणि निर्यातीची फाइलही माझ्याच टेबलावर असते. ठराव झाल्यापासून या एप्रिलपर्यंत काय केलं, कुठे थांबावं लागलं, खर्च किती आला ते इथे लिहिते आहे. कोकणात आता अशा कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत, आणि ही वेळ आज ना उद्या प्रत्येकीवर येणार आहे.

ठरावामागे कारण होतं. मे महिन्यातल्या एका खेपेत पॅकिंगच्या वेळी दोन पेट्या खराब निघाल्या म्हणून बाजूला काढल्या. पॅकिंग लिस्ट त्याप्रमाणे बदलली, पण फायटोचा, म्हणजे माल कीडमुक्त असल्याच्या दाखल्याचा अर्ज त्याआधीच जुन्या संख्येने गेला होता. दोन कागदांवर दोन आकडे. दुरुस्ती होईपर्यंत रात्र गेली आणि ठरलेलं विमान गेलं. चौदा आणे तयार फळ एक रात्र जास्त थांबलं की परदेशात पोचल्यावर त्याचं आयुष्य तेवढंच कमी होतं. खरेदीदाराने दर कापला. काढणीला पहाटे चारला उठलेल्या माणसाला हे समजावून सांगताना माझ्या घशात शब्द अडकत होते.

जुलैच्या सुरुवातीला एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं आली. त्यांचं कोटेशन साडेचार लाखांचं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची प्रोसेस सांगा, झाडापासून विमानापर्यंत." खोलीत आम्ही पाच जण होतो. पाचही जणांनी वेगवेगळं सांगितलं, आणि खोटं कोणीच सांगत नव्हतं. ज्याला त्याला आपापला तुकडा माहीत होता. त्या दिवशी मी अध्यक्षकाकांना म्हटलं, पैसे देण्याआधी मला हा पावसाळा द्या. आपण नक्की काय करतो ते आधी कागदावर उतरवू. काकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

पद्धत मी नव्याने शोधली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने, म्हणजे एस्कॅपने, व्यापाराच्या प्रक्रिया कशा तपासाव्यात आणि सोप्या कराव्यात याची मार्गदर्शिका २००९ मध्ये काढली आणि २०१२ मध्ये सुधारली. ती इंटरनेटवर फुकट मिळते. लिहिली आहे सरकारी खात्यांसाठी. त्यातल्या आकृत्या पहिल्यांदा बघून मला धडकीच भरली. पण दोन-तीन रात्री बसल्यावर गाभा सापडला. आधी हद्द ठरवा. मग प्रत्येक पायरीवर कोण काय करतं, कोणता कागद घेतं, कोणता देतं, कोणत्या नियमाने, किती वेळात, किती पैशांत, एवढंच विचारा. ते सगळं चित्रात मांडा, आणि मगच काय काढायचं, काय जोडायचं ते ठरवा. सगळा व्यवहार खरेदी, पाठवणी आणि पैसे या तीन भागांत बघायचा, ही त्यातली मांडणी आम्हाला फार उपयोगी पडली, कारण आमच्याकडे 'निर्यात' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे फक्त मधला भाग येत होता.

हद्द ठरवताना मोह आवरायला लागतो. रस, पल्प, काजू, दुबईचा माल, सगळंच एकदम घेऊ असं सगळे म्हणत होते. मी हट्टाने एकच माल, एकच देश आणि एकच मार्ग धरला: ताजा हापूस, जर्मनी, मुंबई विमानतळ. सुरुवात खरेदीदाराच्या मागणीच्या मेलपासून, शेवट सभासदाच्या खात्यात पैसे पडण्यापर्यंत. कुणी हे करणार असाल तर एवढं नक्की ऐका. दुसरा माल आणि दुसरा देश आला की नियम बदलतात आणि चित्र हाताबाहेर जातं.

चित्र काढायला मोठा कागद आणला आणि भिंतीवर लावला. जुलैतला कोकणातला पाऊस. भिंतीला ओल, कागद सकाळपर्यंत खाली. मग एका कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स उलटा करून क्रेटच्या थप्पीला सुतळीने बांधला आणि त्याच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने आडव्या पट्ट्या ओढल्या. एक पट्टी बागायतदाराची, एक काढणीच्या टोळीची, मग टेम्पोवाला, आमचं ऑफिस, पॅकहाऊस म्हणजे जिथे फळाची तपासणी, प्रक्रिया आणि पॅकिंग होतं ती जागा, फायटो देणारे अधिकारी, सीएचए म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, विमान कंपनी, बँक. प्रत्येक काम ज्याच्या पट्टीत पडतं तिथे चौकोन, आणि कागद एका पट्टीतून दुसरीत गेला की बाण. फ्लेक्सवर खोडायला स्पिरिटचा बोळा पुरतो.

मग माणसांकडे जायला लागले. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं. "तुम्ही काय करता?" असं विचारलं की लोक जे व्हायला पाहिजे ते सांगतात. म्हणून मी मे महिन्यातल्या त्याच खेपेची फाइल बरोबर न्यायची आणि एकेक कागद पुढे ठेवून विचारायची, हा तुमच्याकडे कधी आला, कुणी आणला, तुम्ही त्याचं काय केलंत. कागद समोर असला की आठवणी आपोआप निघतात. शक्यतो प्रत्येकाला त्याच्या जागेवर भेटायचं आणि साहेबाच्या समोर भेटायचं नाही.

पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका काकूंकडे मी दुपारभर बसले. त्यांच्याकडे वही नव्हती. कुठल्या बागेचं क्रेट कुठलं हे त्यांना कसं कळतं, विचारलं. त्यांनी क्रेटच्या कडीला बांधलेली रंगीत सुतळी दाखवली. लाल म्हणजे वरच्या सड्यावरची बाग, हिरवी खाडीकडची, पिवळीला दोन गाठी म्हणजे आधी तोडायला लागलेलं कलम, त्याचं फळ वेगळं ठेवायचं. बागेपासून पेटीपर्यंतचा माग ठेवायची पूर्ण व्यवस्था त्या सुतळीत होती, आणि आमच्या एकाही कागदावर तिचा पत्ता नव्हता. सॉफ्टवेअर कंपनीच्या कोटेशनमध्ये 'बारकोड ट्रेसिंग' अशी एक ओळ होती, पण काकूंना कोणी विचारलेलं नव्हतं. पुढे आम्ही स्टिकर आणले तेव्हा त्यांचेच रंग ठेवले.

दुसरा मोठा गुंता नावांचा. युरोपला माल पाठवायचा तर बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीत घालावी लागते. अर्ज कृषी खात्यामार्फत होतो, सातबारा, आठ-अ आणि बागेचा नकाशा लागतो, कृषी अधिकारी बाग पाहतात आणि मग नोंदणी क्रमांक मिळतो. आता आमच्याकडचा सातबारा म्हणजे निम्मी भावकी. एका खात्यावर अकरा नावं, त्यातले सात जण मुंबईला, आणि बाग कसतो तिसराच चुलतभाऊ. काहींनी कलमं करारावर दुसऱ्याला दिलेली. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, आधारवर स्वतःचं, बँकेत इंग्रजी स्पेलिंग निराळं, आणि आमच्या खरेदीच्या वहीत वाडीत हाक मारतात ते नाव. एकच माणूस चार कागदांवर चार जणांसारखा दिसतो. एका आजोबांनी मला विचारलं, "अगो, माझं नाव किती जागी लिहशील? एकदाच नीट लिही आणि सगळीकडे तेच वापर." मी महिनाभर वाचत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आजोबांच्या घरी माझं स्वागत झालं, पण सगळीकडे झालं नाही. काही घरांत आधार आणि सातबाऱ्याची प्रत मागितल्यावर माणसं गप्प झाली. मोबाइलवर फोटो काढून नेला की पुढे त्याचं काय होतं, ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यासारखं काही नाही. आम्ही ठरवलं की आधारची प्रत ठेवायचीच नाही. नाव जुळवण्यासाठी एकदा बघायची आणि परत द्यायची. हे लेखी दिल्यावर बहुतेकांनी दार उघडलं.

ऑगस्टमध्ये कोकणकन्येने मुंबईला गेले आणि सहारला, विमानतळाजवळ, सीएचएच्या ऑफिसात दिवस काढला. इथे मला सगळ्यात मोठी गोष्ट कळली. आम्ही इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पीडीएफ करून पाठवतो. तिथला मुलगा ती समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप करतो, मग चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिलाचा कच्चा मसुदा, काढून आम्हाला पाठवतो, आम्ही ती डोळ्यांनी तपासून 'ओके' म्हणतो, मग शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचं निर्यातीचं विवरण, आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर जातं आणि जोडपत्रं त्याच्याच ई-संचित या सोयीतून चढतात. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरमधून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती जाते ती माणसाच्या बोटांतून. मी विचारलं, आम्ही तुमच्या नमुन्यात एक्सेल दिलं तर? तो म्हणाला, "ताई, मग टाइप कशाला करू? सरळ आत घेईन." इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. नमुना त्याने तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर दिला.

गणपतीत काम थांबलं. त्यानंतर टेबलावर दोन तक्ते मांडले.

पहिला तक्ता माहितीचा. डाव्या बाजूला एकेक माहिती: बागायतदाराचं नाव, मँगोनेट क्रमांक, फळांची संख्या, पेट्या, निव्वळ वजन, एकूण वजन, खरेदीदाराचा पत्ता, एचएस कोड म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक ०८०४ ५०. वरच्या ओळीत कागद. जिथे जिथे ती माहिती लिहावी लागते तिथे फुली. वजनाच्या ओळीत फुल्याच फुल्या झाल्या. काढणीची चिठ्ठी, टेम्पोची पावती, आवक वही, पॅकहाऊसचं रजिस्टर, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, फायटोचा अर्ज, चेकलिस्ट, विमानाचं बिल, आणि शेवटी सभासदाच्या पेमेंटची वही. मे महिन्यातला घोळ कुणाच्या हलगर्जीने झाला नव्हता. एकच आकडा इतक्या जागी हाताने लिहिला जात असेल आणि मध्येच तो बदलला, तर सगळीकडे बदलला जाण्याची सोयच नव्हती.

दुसरा तक्ता कागदांचा. परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, १ एप्रिल २०१५ पासून निर्यातीसाठी सक्तीचे कागद तीनच ठेवले आहेत: विमानाचं किंवा जहाजाचं बिल, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मिळून एक, आणि शिपिंग बिल. आमच्या एका खेपेच्या फाइलमध्ये वीसच्या वर कागद निघाले. मग प्रत्येक कागदापुढे लिहिलं, हा कोण मागतो: आपला कायदा, आयात करणारा देश, खरेदीदार, बँक, की कोणीच नाही.

'कोणीच नाही' या रकान्यात दोन ठळक कागद आले. एक ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने नेताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन कागद. ताज्या आंब्यावर जीएसटी शून्य आहे, आणि करमुक्त यादीतल्या मालाला जीएसटीच्या नियम १३८ प्रमाणे ई-वे बिलाची गरज नसते. पण ट्रान्सपोर्टवाले प्रत्येक गाडीला मागतात म्हणून ते निघत होतं, आणि ते निघेपर्यंत भरलेली गाडी उभी राहत होती. दुसरा एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र. करमुक्त मालाच्या निर्यातीला बाँड किंवा एलयूटी लागत नाही, हे जीएसटीच्या मे २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. दोन्ही गोष्टी आमच्या सीएकडून लेखी घेतल्या आणि परिपत्रकाची प्रत लॅमिनेट करून ड्रायव्हरकडे दिली. लक्षात ठेवा, हे फक्त ताज्या फळाला. पल्प, वड्या, डबाबंद माल असेल तर आपल्या सीएला विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

पण सगळेच कागद उडवायचे नसतात, आणि इथे मला स्वतःला थांबवावं लागलं. फायटो आणि त्याच्या आधीची गरम पाण्याची प्रक्रिया वेळखाऊ आहे, बागायतदार त्यावरून कायम कुरकुरतात. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, कारण खेपांमध्ये फळमाशी सापडत होती. पॅकहाऊसमधली तपासणी आणि प्रक्रिया कडक झाली तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. तो हंगाम आठवणारी माणसं आमच्यात आहेत. ४८ अंश पाण्यात ६० मिनिटं हा नियम त्या बंदीतून धडा घेऊन पाळला जातो, आणि त्याची वेळ आणि तापमान फायटोवर लिहावंच लागतं. त्यामुळे तो चौकोन आम्ही हात न लावता ठेवला. कागद का आला हे माहीत नसताना तो काढायला जाणं मला धोक्याचं वाटतं.

त्यानंतर वेळेची रेघ आखली. फळ झाडावरून उतरल्यापासून विमानात चढेपर्यंत दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ जात होता. रत्नागिरी ते नवी मुंबई हा रस्ता आपल्या हातात नाही. परशुराम घाट, कशेडी, महामार्गाचं वर्षानुवर्षं चाललेलं काम सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याचे तास वेगळे काढले, प्रत्यक्ष फळावर काम होतं ते तास वेगळे काढले, आणि उरलं ते थांबणं. ते जवळजवळ निम्मं होतं.

तीन जागी फळ थांबत होतं. पहिली जागा मांगर, म्हणजे बागेतली शेड. क्रेट भरून सावलीत पडलेली, आणि टेम्पो दुसऱ्याच वाडीत, कारण कुठली बाग तयार आहे हे त्याला फोनाफोनीत कळायचं. दुसरी पॅकहाऊसच्या दारात. कुठल्या बागेची किती क्रेट ही यादी गाडीबरोबरच हाताने लिहून जायची, ती पोचल्यावर नोंद सुरू, त्यानंतर नंबर. तिसरी विमानतळाच्या अलीकडे, पेट्यांचा शेवटचा आकडा येईपर्यंत चेकलिस्ट अडकलेली. तिन्ही ठिकाणी फळ, माणसं, गाडी, यंत्र सगळं हजर होतं. नव्हती ती फक्त माहिती. ती फळाच्या मागून येत होती. हे फ्लेक्सवर लाल मार्करने गोल केलं तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही, आणि मग टेम्पोवाले दादाच म्हणाले, "यादी आदल्या रात्री पाठवा ना. मला पण आणि पॅकहाऊसला पण."

आमची सगळ्यात मोठी सुधारणा ती होती. तिला सॉफ्टवेअर लागलं नाही.

ऑक्टोबरात काम तीन ढिगांत वाटलं. आपल्या घरात करता येईल ते, शेजाऱ्याला विनंती करून होईल ते, आणि आपल्या हातात नाही ते. तिसऱ्या ढिगावर वेळ घालवायचा नाही असं ठरवलं. सरकारी बाजूला पुष्कळ काम आधीच ऑनलाइन झालेलं आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत घरबसल्या निघतो, अपेडाची नोंदणी ऑनलाइन, शिपिंग बिल ऑनलाइन, फायटोचा अर्ज ऑनलाइन. भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराला २०१६ मध्ये मान्यता दिली, तो करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात एक खिडकी पद्धतीचं कलमच आहे. आयातीच्या बाजूला कस्टमने २०१६ मध्ये स्विफ्ट नावाने ती खिडकी सुरूही केली. पण एका पोर्टलवरून दुसऱ्या पोर्टलवर माहिती नेण्याचं काम अजून आमच्यासारख्या ऑफिसातल्या माणसाच्या हातांनी होतं. म्हणून आपली बाजू तरी एकसंध ठेवायची, एवढंच आपल्या ताब्यात आहे.

एकच मुख्य तक्ता केला. त्यात प्रत्येक बागेची एक ओळ, आणि ओळीची ओळख म्हणजे मँगोनेटचा क्रमांक. सरकारच्या ॲग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी क्रमांक वापरावा का यावर बराच खल झाला. पण एका शेतकऱ्याच्या तीन बागा असतात, आणि युरोप विचारतो बाग, माणूस नाही. नाव सातबाऱ्याप्रमाणे एकदाच, इंग्रजी स्पेलिंग बँकेप्रमाणे एकदाच. बाकी सगळे कागद याच तक्त्यातून निघायला हवेत, कुणीही दुसरीकडे नव्याने टाइप करायचं नाही.

मग पुन्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं. दुसरे होते, चिपळूणचे दोन तरुण. या वेळी फ्लेक्स आणि दोन्ही तक्ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ८० हजार सांगितले, कारण करायचं काय ते स्पष्ट होतं. मोबाइलवर एक फॉर्म, क्रेटला लावायचे क्यूआर स्टिकर, आणि तक्त्यातून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोच्या अर्जाची माहिती आणि सीएचएचं एक्सेल काढायची सोय. माझा पावसाळ्यातला फिरण्याचा, झेरॉक्सचा आणि चहापाण्याचा खर्च १५ हजारांच्या आत बसला. स्टिकरचा प्रिंटर वेगळा घ्यावा लागला. स्टिकर घेताना पाणी लागल्यावर न सुटणारेच घ्या; साधे कागदी गरम पाण्याच्या टाकीजवळच्या वाफेनेच गळून पडतात.

एक अट मी पहिल्या दिवसापासून घातली होती: फॉर्म नेटवर्कशिवाय चालला पाहिजे. आमच्याकडे सड्यावर रेंज असते, खाली बागेत उतरलं की नाही. त्यामुळे काढणीच्या टोळीचा मुकादम बागेत नोंद करतो, ती फोनमध्येच राहते आणि तो वर सड्यावर आला की आपोआप पाठवली जाते. डिसेंबरात याची चाचणी घेतली, क्रेटमध्ये नारळ भरून.

मुकादमांना शिकवायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. बटणं त्यांना पटकन कळली. पण नोंद चुकली तर पैसे आपल्या अंगावर येतील ही धास्ती होती. चुकीची नोंद संध्याकाळपर्यंत स्वतः बदलता येईल अशी सोय केली आणि ती धास्ती गेली. ऑफिसात नोंदी उतरवणारा मुलगाही काळजीत होता, आपलं काम गेलं म्हणून. आता संध्याकाळची यादी जुळवून पॅकहाऊसला आणि टेम्पोला पाठवणं हे काम त्याचं आहे, आणि ते तो माझ्यापेक्षा चोख करतो.

या एप्रिलमध्ये खऱ्या खेपा गेल्या. पहिल्या खेपेला रात्रभर झोप नाही. यादी आदल्या रात्री गेली होती, गाडी पोचली तेव्हा पॅकहाऊसमध्ये बागांची नोंद तयार होती, नंबर लवकर लागला. पॅकिंगमध्ये तीन पेट्या बाजूला निघाल्या. या वेळी आकडा एका जागी बदलला, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सीएचएचं एक्सेल त्याबरोबर बदललं. आणि फायटोचा अर्ज शेवटच्या आकड्याची वाट बघूनच पाठवायचा हा क्रम आम्ही फ्लेक्सवरच पक्का केला होता. चेकलिस्ट एकही दुरुस्ती न होता आली. सीएचएच्या मुलाने नुसता अंगठा पाठवला, मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तपासणीच्या टेबलावर छापील यादी लागतेच, ती आम्ही काढून देतो. पुणे-मुंबईच्या मालाला अजून जुन्याच वह्या आहेत. दोन वाड्यांनी क्यूआर नको म्हटलं, तिथे काकूंच्या सुतळ्यांवरच काम चालतं आणि नोंद ऑफिसात होते. त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही असं ठरलं आहे.

तारखांचा एक छोटा तक्ताही भिंतीवर लावला आहे, आणि तो सगळ्यांनी लावावा असं मला मनापासून वाटतं. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावी लागते, काही बदल नसला तरी. त्याला फी नाही, पण राहिलं तर आयईसी बंद होतो, आणि हे महिने नेमके आपल्या धावपळीचे. १ एप्रिललाच करून टाका. बागांची मँगोनेट नोंदणी मोहोर येण्याच्या आधी मार्गी लावा, कारण सामाईक सातबाऱ्याची संमती गोळा करायला मुंबईच्या भावकीचे फोन लागावे लागतात. एडी कोड, म्हणजे परकीय व्यवहार बघणाऱ्या आपल्या बँकेचा क्रमांक, बंदराप्रमाणे आणि विमानतळाप्रमाणे वेगळा नोंदवायचा असतो, पहिल्या खेपेच्या आधी आइसगेटवर तपासून घ्या.

पैशांचा भाग आम्ही शेवटी घेतला. खरेदीदाराचे पैसे बँकेत आल्यावर ते शिपिंग बिलाशी जुळवावे लागतात आणि मग ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा इलेक्ट्रॉनिक दाखला, निघतो. नोव्हेंबर २०२३ पासून तो निर्यातदाराला डीजीएफटीच्या साइटवर स्वतः प्रमाणित करता येतो. आमची बँक अजून शिक्का मारलेलं छापील इन्व्हॉइस मागते, तेही देतो. पण सभासदाच्या पेमेंटची यादी आता त्याच तक्त्यातून निघते, त्यामुळे पैसे जमा झाल्यावर कुणाचे किती यावर होणारी बोलाचाली संपली आहे.

पुढच्या पावसाळ्यात पल्प घ्यायचा आहे, समुद्रमार्गे न्हावा-शेव्यावरून. त्याला जीएसटी आला, अन्न सुरक्षेचा परवाना आला, आणि जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं झालेलं भरलेल्या कंटेनरच्या वजनाचं प्रमाणपत्रही आलं. कुणाकडे पल्पच्या एका पूर्ण खेपेची फाइल असेल, मागणीपासून पैसे येईपर्यंत, तर मला बघायला हवी आहे. आमचे दोन्ही रिकामे तक्ते मी मागेल त्याला देईन.